सीटमागचा हात

एका तालुक्याच्या गावाबाहेर मोठा माळ होता, आणि त्या माळावर विमान चालवायला शिकवणारी एक शाळा होती. शाळेकडे तीन विमाने होती. तिन्ही लहान, एका इंजिनाची, आणि त्यांत बसून शिकणाऱ्या मुलांपेक्षा वयाने बरीच मोठी. मुले त्यांना रंगावरून ओळखत: लाल पट्ट्याचे, निळ्या पट्ट्याचे आणि पांढरे.

जुन्या विमानांना जुनी दुखणी असतात. यांनाही होती. लाल पट्ट्याचे दार कधीकधी हवेतच उघडायचे. निळ्याचे पुढचे चाक जमिनीला टेकले की थरथरू लागायचे. पांढऱ्याचा इंधनाचा काटा मनाला येईल ते दाखवायचा, आणि गारठ्याच्या सकाळी त्याचे इंजिन खोकत खोकत सुरू व्हायचे.

शाळेच्या मुख्य प्रशिक्षक होत्या कॅप्टन अरुंधती शिंत्रे. या तिन्ही विमानांच्या साऱ्या खोडी त्यांना पाठ होत्या, आणि प्रत्येक खोडीवर त्यांच्याकडे तोड होती. दार लावताना कोपराने खालच्या बाजूला दाबायचे, म्हणजे ते उघडत नाही. उतरताना पुढचे चाक शक्य तितका वेळ जमिनीला लावायचेच नाही, म्हणजे ते थरथरत नाही. काट्याकडे बघायचे नाही, टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजायचे. इंजिन खोकले तर जमिनीवर थोडा वेळ जोरात पळवायचे, ते आपोआप मोकळे होते. दुसरे प्रशिक्षक एखादे विमान अर्ध्यातून परत आणून लावत, आणि तेच विमान घेऊन शिंत्रेबाई तासभर फिरून येत.

"विमान वाईट नसतं," त्या मुलांना सांगत, "त्याला सांभाळून घ्यावं लागतं."

मुलांना हे वाक्य फार आवडे. बाईंनाही ते आवडे.

विमानांची देखभाल फिलिप गायकवाड नावाच्या इंजिनियरकडे होती. रीत अशी होती की विमान खाली आले की चालवणाऱ्याने गायकवाडांना भेटायचे आणि काय खटकले ते सांगायचे. बाकीचे प्रशिक्षक बरेच काही सांगत. शिंत्रेबाई हँगरच्या, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडच्या, दारातूनच हात वर करत आणि म्हणत, "ठीक आहे सगळं." गायकवाड समाधानाने दुसऱ्या कामाला लागत.

आता लाल पट्ट्याच्या विमानाची एक गोष्ट अशी होती, जी मुलांना माहीत नव्हती.

अशा विमानात सीट दोन रुळांवर बसवलेली असते. उंच माणसाने ती मागे घ्यायची, बुटक्याने पुढे. हवी तिथे आणली की खालची खुंटी रुळाच्या भोकात पडते आणि सीट तिथे अडकून राहते. पण वर्षानुवर्षे तीच खुंटी त्याच भोकांत पडत राहिली, की भोकांच्या कडा झिजतात. मग खुंटी पडल्याचा आवाज येतो, सीट हलवून पाहिली तर हलतही नाही. मात्र उडताना विमान नाक वर करते, माणसाचा भार मागे जातो, आणि नेमकी तेव्हाच झिजलेल्या कडेवरून खुंटी निसटू शकते.

पुष्कळ वर्षांपूर्वी लाल पट्ट्याच्या विमानात असे एकदा झाले होते. एका विद्यार्थ्याची सीट उड्डाणाच्या वेळी वीतभर मागे सरकली. शेजारच्या सीटवर शिंत्रेबाई होत्या. त्यांनी लगेच आपल्या बाजूचे सुकाणू धरले आणि विमान वर नेले. विद्यार्थी घाबरला, मग हसला. बाईही हसल्या. पुढच्या उड्डाणाला त्यांनी खबरदारी म्हणून आपला डावा हात विद्यार्थ्याच्या सीटमागे टेकवून ठेवला. सीट जरा रेटली गेली तसा त्यांनी हात घट्ट केला, आणि ती जागेवर राहिली.

गायकवाडांना सांगायचे त्यांच्या मनात होते. पण आभाळ स्वच्छ होते आणि पुढचा विद्यार्थी तयार होऊन उभा होता. सांगितले असते तर विमान हँगरमध्ये गेले असते. शिवाय हात ठेवला की काम भागत होते. मग तो हात रोज तिथे जाऊ लागला, आणि हळूहळू न सांगता जाऊ लागला. काही वर्षांनी तो तिथे का जातो, हेही बाईंच्या ध्यानात राहिले नाही. मुलांना वाटे, बाई आपल्याला धीर देत आहेत.

त्या वर्षी शाळेत समीना मुजावर नावाची मुलगी आली. मिरजेची. तिचे वडील तिथल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत. मुलगी कमी बोलणारी होती आणि एकदा सांगितलेले विसरत नसे. ती ठेंगणी होती, म्हणून सीट अगदी पुढे घेऊन बसे. शिंत्रेबाईंना ती आवडली. तिच्या हातात विमान शांत राहते, असे त्या इतरांना सांगत.

तिच्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाचा दिवस ठरला. वाटेला आले लाल पट्ट्याचे विमान. सकाळी शिंत्रेबाई तिच्यासोबत दोन-तीन फेऱ्या मारून आल्या आणि इंजिन चालू असतानाच खाली उतरल्या. पहिल्या एकट्या उड्डाणाची पद्धत तशीच असते.

"मी नसल्यामुळे विमान हलकं झालंय," त्या म्हणाल्या. "लवकर उचललं जाईल. दचकू नकोस. सीट?"

"लावली, मॅडम." समीनाने सीटला मागे-पुढे हिसका देऊन दाखवला. सीट हलली नाही. मग तिने शिकवल्याप्रमाणे कोपराने दाबून दार लावले.

शिंत्रेबाई धावपट्टीच्या कडेला गवतात उभ्या राहिल्या. विमान धावत आले. त्यांच्यासमोरून जाताना पुढचे चाक उचलले गेले, मग सगळे विमान उचलले गेले. उड्डाण सुरेख होते. पण नाक वर जायचे थांबेना. ते जावे त्याहून वर गेले, आणि आणखी वर गेले.

बाईंचा डावा हात हवेत पुढे झाला होता. त्यांनी हाताकडे पाहिले, आणि तो हात रोज तिथे का जात होता, ते त्यांना त्या वेळी आठवले.

विमानात समीनाची सीट खाडकन शेवटपर्यंत मागे गेली होती. तिच्या मुठीत सुकाणू होते, तेही तिच्याबरोबर मागे ओढले गेले. म्हणून नाक वर चढत होते. पाय पेडलपर्यंत पोहोचत नव्हते. वेग संपत आल्याचा इशारा देणारा भोंगा कर्कश वाजू लागला. समोर फक्त आभाळ दिसत होते. तिला कशाचातरी आधार हवा होता. तिने सुकाणू सोडून खिडकीची चौकट धरली. सुकाणू सुटले, तसे नाक खाली आले. विमान धावपट्टीवर आपटले, उसळले, पुन्हा आपटले आणि कडेच्या मातीत घुसले. पुढचे चाक मोडले. पंख्याची पाती वाकली. धूळ बसली तेव्हा समीना दार ढकलून स्वतःच बाहेर आली. तिचे मनगट मोडले होते आणि कपाळावरून रक्त येत होते. ती जिवंत होती, एवढे सगळ्यांना पुरे झाले.

दुपारी शाळेचे मालक दादासाहेब रेठरेकर हँगरमध्ये आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी मुलीची चौकशी केली, मग विमानाभोवती फिरले. आपटण्याने सीटचे रूळ पार पिळवटले होते. आधी ते कसे होते, हे आता कोणालाही सांगता आले नसते. दादासाहेबांनी ते पाहिले. शिंत्रेबाईंनीही पाहिले.

"सीट नीट लागली नसेल," दादासाहेब म्हणाले. "नवीन पोर आहे. घाईत होतं असं."

शिंत्रेबाई पिळवटलेल्या रुळांकडे बघत होत्या.

"उद्या चौकशीला विमान खात्याचे साहेब येतील," दादासाहेब पुढे म्हणाले. "जेवढं विचारतील तेवढं सांगा. तुमच्या विद्यार्थ्याला आजवर ओरखडा आला नव्हता मॅडम, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळा तुमच्या नावावर चालते."

त्यात खोटे काही नव्हते. म्हणूनच ते ऐकायला सोपे होते.

संध्याकाळी त्या गावातल्या दवाखान्यात गेल्या. समीनाच्या हाताला प्लास्टर घातले होते. उशाशी तिचे वडील बसले होते, मिळेल त्या गाडीने मिरजेहून आलेले. शिंत्रेबाईंना पाहून ते उठून उभे राहिले. समीनाने मान खाली घातली.

"मॅडम, सॉरी," ती म्हणाली. "मी लावली होती सीट. म्हणजे, मला तरी तसं वाटतंय. आवाज आला होता. पण सगळे म्हणतायत तर मीच नीट लावली नसेल."

हे ऐकून क्षणभर शिंत्रेबाईंना हायसे वाटले. आणि आपल्याला हायसे वाटले, याचीच त्यांना भीती वाटली. मुलगी खोटे बोलत नव्हती. तिला दिसलेले, ऐकलेले, हाताने हलवून पाहिलेले खरे होते, आणि तरीही ती ते सोडून द्यायला तयार झाली होती. आणखी दोन दिवसांत तिला खुंटी पडल्याचा आवाजही आठवला नसता. मग ती कोणत्याही विमानात बसली असती, तरी तिचा स्वतःच्या हातांवर विश्वास राहिला नसता.

"चौकशी चालू आहे," बाई म्हणाल्या. "ती पूर्ण होऊ दे. तू विश्रांती घे."

त्या जायला वळल्या, तसे मुजावर सर त्यांच्याबरोबर दारापर्यंत आले.

"मॅडम, मी विमानातलं काही जाणत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "चूक माझ्या मुलीची असेल तर तिला तोंडावर सांगा. ती ऐकून घेईल, सुधारेल. आणि नसेल, तर तेही तिला तोंडावर सांगा. पण चौकशी चालू आहे असं सांगू नका. त्याने ती रात्रभर झोपणार नाही."

शिंत्रेबाई दारात उभ्या राहिल्या. कॉरिडॉरमध्ये कोणी लादी पुसत होते. त्यांनी ते काम संपेपर्यंत तिकडे पाहिले. मग त्या परत फिरल्या आणि समीनाच्या कॉटपाशी खुर्ची ओढून बसल्या.

"चूक तुझी नाही," त्या म्हणाल्या. "सीट तू लावली होतीस, मी पाहिलं. त्या विमानातली सीट लावूनही सरकते. मला ते पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे. म्हणून उडताना माझा हात तुझ्या सीटमागे असायचा. आज तो नव्हता."

समीना त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आधी कळले नाही. मग कळले.

"मला वाटायचं, तुम्ही धीर देताय," ती म्हणाली.

शिंत्रेबाईंनी आपला डावा हात मांडीवर ओढून घेतला.

मुजावर सरांनी विचारले, "हे तुम्ही चौकशीतही सांगाल?"

"सांगेन."

"मग ठीक." त्यांनी ना आभार मानले, ना राग काढला. "तिला घरी न्यायचं की इथं ठेवायचं, ते आता तीच ठरवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकशीचे साहेब यायच्या आधी, शिंत्रेबाई गायकवाडांकडे गेल्या आणि त्यांना सगळे सांगितले. गायकवाडांच्या हातात पाना होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"इतकी वर्षं?" ते म्हणाले.

"हो."

"मॅडम, तुमच्याकडून तक्रार येत नाही म्हणजे विमान उत्तम आहे, असं मी धरून चाललो होतो. ज्या विमानाला तुम्ही ठीक म्हणायचात, त्यात दुसऱ्यांनी काही सांगितलं तरी मी डोकं घालत नव्हतो." त्यांचा आवाज चढला. "तुम्ही मला नुसतं एकदा सांगायचं होतं हो! मी रूळ बदलले असते. बाकी काय करायचं होतं?"

खरोखरच बाकी काही करायचे नव्हते. तेच शिंत्रेबाईंना सगळ्यात जड गेले.

चौकशीच्या साहेबांपुढे त्यांनी काही राखून ठेवले नाही. दादासाहेब खिडकीबाहेर बघत बसले. साहेबांनी शांतपणे ऐकले, आणि निकाल दिला तोही शांतपणे. शिकवण्याचा शिंत्रेबाईंचा परवाना काही महिन्यांसाठी थांबवण्यात आला. उरलेली दोन्ही विमाने पूर्ण तपासून होईपर्यंत जमिनीवर ठेवण्यात आली. काही मुले दुसऱ्या शाळांत निघून गेली. गावातल्या लोकांत बोलणे झाले. इतकी नावाजलेली बाई, आणि शेवटी असे निघाले.

परवाना नव्हता, तरी शिंत्रेबाई रोज हँगरमध्ये येत राहिल्या. एकेका विमानात बसून त्या आपली एकेक युक्ती गायकवाडांना सांगत, आणि त्या युक्तीमागे काय दुखणे लपले आहे ते गायकवाड शोधत. निळ्याचे पुढचे चाक थरथरत होते, कारण त्याला धरून ठेवणारा लोखंडी जोड चिरला होता. चीर रंगाच्या थराखाली होती आणि चांगलीच पुढे गेली होती. आणखी काही उतरणी, आणि चाक तुटले असते. पांढऱ्याचे इंजिन खोकत होते, कारण ठिणगी देणारा एक भाग आतून जळत आला होता. इंजिन जोरात पळवले की त्यावरची काजळी तेवढी उडे. दोन्ही विमानांच्या सीटखालची भोके लाल पट्ट्यासारखीच झिजली होती. पांढऱ्याचा इंधनाचा काटा मात्र नुसताच खोटारडा होता. त्यामागे दुसरे काही निघाले नाही.

"ही चीर तुम्ही किती वर्षं सांभाळून घेतलीत?" गायकवाडांनी एकदा विचारले. त्यांना टोचायचे नव्हते, खरोखर जाणून घ्यायचे होते.

"मला चीर माहीत नव्हती," बाई म्हणाल्या. "मी चाक थरथरू देत नव्हते, म्हणून ती कोणाला दिसली नाही. मलाही नाही."

लाल पट्ट्याचे विमान पुन्हा उडाले नाही. बाकीची दोन दुरुस्त झाली. परवाना परत मिळाला, तशा शिंत्रेबाई पुन्हा शिकवू लागल्या. आता त्या विमान खाली आणले की थेट गायकवाडांकडे जात. दाराचा आवाज बदललाय. पेडल डावीकडे जड लागतंय. तेलाचा वास येतोय, बहुतेक माझा भास असेल, पण बघा. गायकवाड कधी त्रासून बघत, पण बघत. नव्या मुलांना बाईंची जुनी कीर्ती माहीत नव्हती. ती आपसांत म्हणत की बाई जरा जास्तच कुरकुर करतात. हे बाईंच्या कानावर आले. त्यांना थोडे लागले. पण त्यांनी कुरकुर थांबवली नाही.

समीनाने शाळा सोडली नाही. मनगट बरे झाल्यावर ती आली आणि पुन्हा पहिल्यापासून शिकली. शिंत्रेबाईंशी ती पूर्वीपेक्षा कमी बोले, आणि बाईंनी त्याबद्दल तिला कधी विचारले नाही. एका सकाळी तिचे पुन्हा एकटीने उडायचे ठरले. निळ्या पट्ट्याचे विमान घेऊन ती धावपट्टीच्या टोकाला गेली. तिथे बराच वेळ उभी राहिली. आणि मग न उडता विमान वळवून परत हँगरपाशी घेऊन आली.

"काय झालं?" गायकवाडांनी विचारले.

"इंजिनाचा आवाज वेगळा वाटला. काय ते सांगता येत नाही."

गायकवाडांनी इंजिनाचे झाकण उघडले. सगळे तपासले. बराच वेळ गेला. बाकीची मुले सावलीत बसून बघत होती, आणि दोघे-तिघे हसलेही. घाबरली, असे कोणीतरी म्हणाले. शेवटी गायकवाडांनी झाकण लावले आणि हात पुसले. काहीही निघाले नव्हते. विमान ठणठणीत होते.

समीनाचे कान लाल झाले. "मॅडम, मी उगाच सगळ्यांची सकाळ वाया घालवली," ती म्हणाली.

"विमान परत आणलंस ना?" शिंत्रेबाई म्हणाल्या. "मग सकाळ वाया गेली नाही. उद्या पुन्हा असं वाटलं, तर उद्या पुन्हा परत आण."

समीनाने त्यांच्याकडे पाहिले. मग ती विमानात बसली, सीट लावली, हलवून पाहिली आणि धावपट्टीकडे गेली. या वेळी तिला काही वेगळे वाटले नाही. विमान उचलले गेले, माळावरून वळले आणि उन्हात लहान होत गेले.

तात्पर्य एवढेच: दोष सांभाळून घेण्याचे कसब आले की दोष दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही; आणि तो वेळीच सांगितला नाही, तर ज्याच्या अंगी ते कसब नाही त्याच्यावर तो एक दिवस कोसळतो.